हारुबेत्सुचा नापास वर्ग

सौमित्र देवकुळेच्या घराण्यात आजवर कुणी नापास झालं नव्हतं. झालंच असेल, तर त्याचं नाव काढायची पद्धत नव्हती. वडील उदय देवकुळे यांनी चिंचवडगावात आयुष्यभर क्लास चालवला. गल्लीच्या तोंडाशी फलक होता, 'सलग शंभर टक्के निकाल', आणि तो दर जूनमध्ये नव्याने रंगवला जायचा. कच्च्या पोराला सर नववीतच गोड बोलून दुसऱ्या क्लासची वाट दाखवायचे, ही त्या निकालामागची अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे 'आयएमपी' प्रश्न. मागच्या वर्षांचे पेपर पुढ्यात घेऊन सर असे प्रश्न काढायचे, की बोर्डाने पेपर काढण्यापूर्वी सरांना विचारलं असावं अशी शंका यायची. "विषय जन्मभर शिका," ते म्हणायचे, "मार्चमध्ये फक्त पेपर शिका."

या फलकाखाली वाढलेला सौमित्र आता चव्वेचाळीस वर्षांचा होता. जपानमध्ये, तोयोसुतल्या एका काचेच्या मनोऱ्यात, एका आयटी कंपनीत त्याची नोकरी होती आणि राहायला तो कावासाकीला होता. माणूस साधा. ट्रेनमध्ये उभ्याउभ्या झोपायचा, साहेब उठल्याशिवाय ऑफिसातून उठायचा नाही, दारूचं व्यसन नाही की पत्त्यांचं. व्यसन एकच, समोर दिसेल ती गोष्ट सुधारायची. फ्रिजमधल्या डब्यांना त्याने रंगीत पट्ट्या लावल्या होत्या. बायको जयमाला चहा कोणत्या क्रमाने करते, यातही त्याने एकदा सुधारणा सुचवली. त्यानंतर आठवडाभर तो स्वतःच चहा करत होता.

अशा माणसावर साहेबाची नजर पडली नसती तरच नवल. कुराता-सान, म्हणजे त्याच्या विभागाचे प्रमुख, त्याला मीटिंगरूममध्ये घेऊन गेले. कंपनीचा 'उजळ उत्तर' नावाचा एक समाजसेवेचा कार्यक्रम होता. जपानच्या उत्तर टोकाला होक्काइदो बेट, त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हारुबेत्सु नावाचं गाव. वस्ती बरीचशी आयनू लोकांची. ते त्या भूमीचे मूळ रहिवासी. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने सुधारणेच्या नावाखाली त्यांची नदी, जंगल आणि भाषा काढून घेतली होती, आणि त्याच सुधारणेचा पुढचा हप्ता म्हणून कंपनी आता त्यांना स्प्रेडशीट शिकवत होती. गावातले ऐंशी टक्के लोक परीक्षा पास झाले, की गाव 'स्वावलंबी' म्हणून जाहीर करायचं आणि कार्यक्रम पुढच्या गावाला न्यायचा, असा नियम होता. तीन हिवाळे झाले, एकही माणूस पास झाला नव्हता.

"तिथले लोक थोडे वेगळे आहेत," कुराता-सान शब्द जपून वापरत म्हणाले. "देवकुळे-सान, तुम्हीही थोडे वेगळे आहात. तुम्हाला जमेल."

हे जमलं तर एप्रिलमध्ये विभागाचं उपप्रमुखपद मिळेल, असंही त्यांनी सुचवलं. आधीचे तिन्ही प्रशिक्षक आता कुठे आहेत, असं सौमित्रने विचारलं. कुराता-साननी खिडकीतून खाडीपलीकडच्या गोदामांकडे बोट दाखवलं.

आता सौमित्रला जे ठाऊक नव्हतं, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. हारुबेत्सुत गावकीचं एक सभागृह आहे, पुढे मोठी खोली, मागे लहान. खर्च वाचवायला नगरपालिका ते हिवाळाभर कुलूपबंद ठेवते. मात्र तिथे प्रशिक्षण चालू असेल तर कुलूप उघडतं आणि स्टोव्हसाठी रॉकेल मिळतं. गावातल्या बायकांनी आपल्या भाषेसाठी आणि भरतकामासाठी ते सभागृह अनेकदा मागून पाहिलं. 'हा छंद झाला, कौशल्य नव्हे,' असं सभ्य उत्तर दरवेळी आलं. उन्हाळाभर सगळे समुद्रातलं शेवाळ, म्हणजे कोम्बु, काढण्यात आणि वाळवण्यात गुंतलेले, त्यामुळे एकत्र बसायला सापडतो तो हिवाळाच. आणि बसायचं कुणाभोवती, तर तेरु-हुचीभोवती. हुची म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. वय एक्क्याण्णव. तिच्या आईकडून आलेली एक लांबलचक गाऊन सांगायची कथा तिला पूर्ण येत होती, आणि गावात ती तिला एकटीलाच येत होती. मोठ्या खोलीत निम्मे लोक स्प्रेडशीट शिकत, मागच्या खोलीत निम्मे तिच्यापाशी कथा शिकत, तासाभराने जागांची अदलाबदल होई. स्टोव्ह एकच, ऊब दोन्हीकडे. आणि मार्चअखेर कंपनीची परीक्षा आली की सगळे एकदिलाने नापास होत.

तीन हिवाळ्यांत कथा निम्म्यावर आली होती. तेरु-हुची होती तोवर ती पुरी व्हायला हवी होती, बाकी कुणाला काही नको होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सौमित्र तिथे उतरला तो लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि जयमालाने दिलेला चिवड्याचा डबा घेऊन. सभागृहाची किल्ली मिसाको-सानकडे असायची. साठीच्या, आखूड केसांच्या, कोम्बुच्या कामाने हात राठ झालेल्या बाई. गावात निम्म्या घरांचं आडनाव एकच असल्यामुळे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारत. पहिल्या दिवशी सौमित्रने स्वतःची ओळख करून दिली ती आपल्याकडे करून देतात तशी, वडिलांपासून. क्लास सांगितला, फलक सांगितला, शंभर टक्के सांगितले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. हारुबेत्सुचे लोक टाळ्या छानच वाजवत. तीन वर्षांत त्यांना प्रशिक्षण घेण्याचं उत्तम प्रशिक्षण मिळालं होतं. ग्रुप फोटोला कोण कुठे उभं राहायचं हे न सांगता ठरायचं, आणि 'आजचं सत्र कसं वाटलं?' या प्रश्नाला 'डोळे उघडले' हे उत्तर प्रत्येकाच्या ओठांवर तयार असायचं.

पंधरा दिवसांनी त्याने सराव परीक्षा घेतली. सगळे नापास. नुसते नापास नाहीत, तर सारख्याच मापाने नापास. बेरीज करायची तिथे वजाबाकी, फाइल साठवायची तिथे पुसलेली. ज्या अभ्यासक्रमाला ही मंडळी तीन हिवाळे बसली होती, त्यात एव्हाना सभागृहाच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा पास झालं असतं. पण सौमित्रला शंका आली नाही. हुशार माणसाला समोरचा मठ्ठ आहे हे पटायला फारसा पुरावा लागत नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो डोकं धरून बसला. मिसाको-सानने चहा आणून ठेवला. आणि इतक्या दिवसांत घरी जयमालाशी जे बोलला नव्हता, ते तो या परक्या बाईपाशी बोलून गेला.

"मलाही त्या खाडीपलीकडच्या गोदामांत टाकतील," तो म्हणाला. "ते एक वेळ चालेल. पण वडील आले आहेत भारतातून, तीन महिन्यांसाठी. रोज विचारतात, वर्ग कसा आहे. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

"वडिलांचं वय काय?" मिसाको-सानने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

"थंडी सोसते त्यांना?"

"नाही सोसत. पण माझा निकाल बघायला थांबलेत."

मिसाको-सानने कप उचलला आणि मागच्या खोलीत गेल्या.

त्या शुक्रवारी सौमित्र कावासाकीला आला तेव्हा उदय सर कचरा निवडत होते. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. पोरांच्या तुकड्या पाडाव्यात तशा त्यांनी अ, ब, क लावल्या होत्या, आणि जपानमधलं एवढं एक काम त्यांना मनापासून आवडलं होतं. वर्गाची हकिगत ऐकून त्यांनी हात धुतले.

"मागचे पेपर आहेत?"

"आहेत. तिन्ही वर्षांचे. पण बाबा, ते बघून शिकवणं इथे बरं नाही दिसणार."

"बघू तरी."

सरांना जपानीचं अक्षर येत नव्हतं. त्याची त्यांना गरजही पडली नाही. तिन्ही पेपर शेजारीशेजारी ठेवून चष्म्यातून पाहिल्याबरोबर ते म्हणाले, "अरे, हा एकच पेपर आहे. तारखा तेवढ्या बदलल्यात. हे शिकवायला तुला तोयोसुहून कशाला पाठवलं? पोस्टाने धाडता आलं असतं."

तोयोसुत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पेपर बदलायला सवड झाली नव्हती, हे खरंच होतं. सोमवारी सौमित्र आयएमपी प्रश्न घेऊन गेला. त्याने शिकवणं थांबवलं आणि पाठांतर सुरू केलं. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. वर त्याला आणखी एक सुधारणा सुचली. लोक तयार झाले असतील तर मार्चपर्यंत ताटकळत ठेवायचे कशाला? त्याने कंपनीला लिहून परीक्षा डिसेंबरच्या मध्यावर ओढून घेतली. कार्यक्रम वेळेआधी संपेल, खर्च वाचेल. कुराता-साननी उत्तरात तीन वेळा 'उत्कृष्ट' लिहिलं.

परीक्षा झाली. निकाल लागला. शंभर टक्के.

तोयोसुत मंडळींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कुराता-साननी 'भारतीय पद्धत' या विषयावर त्याला भाषण करायला लावलं. हारुबेत्सु स्वावलंबी जाहीर झालं. कावासाकीत सरांनी चिंचवडच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोनवर फोन लावले. "जपानमध्येसुद्धा," ते प्रत्येकाला सांगत होते. जयमालाने श्रीखंड केलं. सौमित्रला वाटलं, आपण जन्माला आलो त्याचं सार्थक झालं.

जानेवारीत तो प्रमाणपत्रं घेऊन पुन्हा हारुबेत्सुला गेला. कंपनीने ती काचेच्या फ्रेममध्ये करून दिली होती, त्यामुळे खोका चांगलाच जड होता. सभागृहाला कुलूप होतं. दारापुढचा बर्फ कुणी काढलेला नव्हता. तो बराच वेळ खोका पायाशी ठेवून उभा राहिला, मग समोरच्या कोम्बिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानातून, मिसाको-सानना फोन केला. त्या गाडी घेऊन आल्या, खोका उचलायला लागल्या, आणि प्रमाणपत्रांबद्दल त्यांनीच त्याचे आभार मानले.

"बाकी सगळे कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"घरी."

"सभागृह बंद का?"

"प्रशिक्षण संपलं ना. आम्ही स्वावलंबी झालो."

या वाक्यात कुठेही टोमणा नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी त्याला घरी नेलं, जेवायला साल्मनचं गरम सूप वाढलं आणि सगळं सांगितलं. कुलूप, रॉकेल, मागची खोली, निम्म्यावर राहिलेली कथा. तेरु-हुची सुनेकडे दोन खोल्यांत राहते, तिथे चार माणसं दाटीने बसतात, पंधरा कुठून बसणार. सभागृह तिच्या दारासमोर होतं, काठी टेकत ती चार पावलांत पोचायची.

"तुम्ही ती कथा रेकॉर्ड का करत नाही?" सौमित्र म्हणाला. सुधारणा सुचवायची सवय अशा वेळीही सुटत नाही. "मी एक साधं ॲप करून देतो. मग घरबसल्या–"

"विद्यापीठवाल्यांनी रेकॉर्ड केलीय की," मिसाको-सान म्हणाल्या. "पण आम्ही चुकलो की रेकॉर्ड थांबत नाही. हुची थांबते. पुन्हा म्हणायला लावते."

सौमित्रच्या हातातला चमचा तसाच राहिला. आयुष्यभर तो ज्या वर्गांत बसला होता, त्यातल्या एकातही त्याची चूक ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. तिथे चूक व्हायच्या आधीच उत्तर हातात मिळायचं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम नापास होत होता."

"हो."

"मग या वेळी पास का झालात?"

मिसाको-सानने त्याच्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. हे विचारायचं असतं का, असा तो चेहरा होता.

"तुम्ही सांगितलंत ना, वडील आलेत म्हणून. आम्ही मागच्या खोलीत बसून बोललो. दोघी-तिघी नको म्हणाल्या. पण हुचीच म्हणाली, म्हातारा माणूस एवढ्या लांबून लेकाचा निकाल बघायला आलाय, थंडीत थांबलाय. त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. कथा काय, पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी काहीतरी शिकवायला येईलच, तेव्हा बघू."

"आणि पुढच्या हिवाळ्यात हुची–"

"तेही तिनेच सांगितलं," मिसाको-सान म्हणाल्या. "म्हणाली, मी तेव्हा असले तर असले."

सौमित्रला रडू आलं. इतकी वर्षं जपानात काढलेला माणूस, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून सूप पुढ्यात असताना रडतो हे शोभत नाही, हे त्याला कळत होतं. लाज वाटली, ती मात्र रडण्याची नव्हे. ज्यांना आपण मठ्ठ समजत होतो, त्यांनी आपल्याला निकाल भीक घातल्यासारखा नव्हे, तर पाहुण्याच्या पानात वाढावा तसा वाढला होता, आणि आपण तो मिटक्या मारत खाल्ला होता.

कावासाकीला परतल्यावर त्याने सगळं सरांना सांगितलं, आणि आपण काय करणार आहोत तेही. पाठांतर करून घेतलं, मागचे पेपर आधी वाटले, हे कंपनीला कबूल करायचं. चिंचवडला याला क्लास म्हणतात. तोयोसुत याला काय म्हणतात ते उच्चारायलाही लोक मान खाली घालतात. निकाल रद्द होईल, पुन्हा प्रशिक्षण लागेल, सभागृह उघडेल.

"आणि उपप्रमुखपद?" जयमालाने विचारलं.

"ते जाईल."

"आणि मी चिंचवडला काय सांगू?" सर म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस कुणाशीच बोलले नाहीत. कचऱ्याच्या तुकड्याही त्यांनी एकत्र करून टाकल्या, शेजारच्या बाई तक्रार घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी जेवताना भाताचा घास हातात धरून ते थांबले.

"दरवर्षी पास झालेली पोरं निघून जायची," ते म्हणाले. "जूनमध्ये रिकामे बाक घेऊन मी पुन्हा दारोदार. एक पोरगं असं नाही मिळालं, जे राहावंसं वाटलं म्हणून राहिलं." मग घास खाल्ला. "त्या म्हातारीला माझा नमस्कार सांग. आणि सांग, थंडी मला सोसत नाही हे खरं आहे, पण त्यापायी तिने कथा सोडावी इतकी नाही."

कंपनीत जे व्हायचं ते झालं. कुराता-सान वरिष्ठांपुढे माफी मागत इतका वेळ वाकून राहिले, की सौमित्रला त्यांच्या कमरेची काळजी वाटली. 'भारतीय पद्धत' हा शब्द विभागात पुन्हा कुणी काढला नाही. निकाल रद्द झाला. शिक्षा म्हणून सौमित्रला पुढची सगळी वर्षं 'उजळ उत्तर'चाच प्रशिक्षक नेमण्यात आलं, आणि ती शिक्षा ऐकताना चेहरा पडलेला ठेवायला त्याला बराच त्रास झाला.

फेब्रुवारीत हारुबेत्सुचं कुलूप निघालं. दारातला बर्फ सगळ्यांनी मिळून काढला. सौमित्र पुढच्या खोलीत रोज तीच स्प्रेडशीट उघडायचा आणि मागच्या खोलीतून तेरु-हुचीचा आवाज यायचा. ओळ म्हणायची, थांबायची. कुणीतरी तीच ओळ म्हणायचं. मग पुन्हा हुची, पुन्हा तीच ओळ. वडिलांचा नमस्कार त्याने पहिल्याच दिवशी पोचवला होता. ती हसली होती आणि सौमित्रच्या हातात तिने एक वाळलेला कोम्बु ठेवला होता, म्हाताऱ्या माणसासाठी.

मार्चअखेर फेरपरीक्षा झाली. पेपर तोच होता. एका धाकट्या सुनेने विसरून दोन उत्तरं बरोबर लिहिली, ती बाकीच्यांनी वेळीच खोडायला लावली. निकाल शून्य टक्के. देवकुळे घराण्यातला पहिला.

उरलं होतं ते अहवालाचं काम. सौमित्र स्टोव्हपाशी लॅपटॉप घेऊन बसला आणि अडला. कार्यक्रम चालू ठेवायचा तर कारण लिहायला हवं होतं, आणि कंपनीला पटेल असं कारण एकच होतं. त्याला माहीत होतं की हे वाक्य तोयोसुत वाचलं जाईल, माना डोलतील, आणि ते हारुबेत्सुच्या नावापुढे राहील. त्याने तीनदा लिहून पुसलं.

"काय झालं?" मिसाको-सान शेजारी येऊन बसल्या.

"हे तुमच्याबद्दल लिहायचं नाही मला."

त्यांनी पडद्यावर पाहिलं. अर्धवट वाक्य होतं, 'प्रशिक्षणार्थींची आकलनशक्ती'.

"कमी आहे, लिहा."

त्याने लिहिलं.

मागच्या खोलीत हुची थांबली होती. कुणीतरी चुकलं होतं बहुतेक. मिसाको-सानने तिकडे कान देऊन बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"हुची म्हणते, कथा पुरी व्हायला अजून दोन हिवाळे लागतील," त्या म्हणाल्या. "'कमी'वर कंपनी दोन वर्षं देईल का?"

सौमित्रने मान हलवली. एकच देईल.

"मग 'फारच कमी' लिहा," मिसाको-सान म्हणाल्या, आणि आपली पाळी आली म्हणून उठून मागच्या खोलीत गेल्या.